पहिली-दुसरीच्या पोरांना कॅलेंडर कसं शिकवता? (बाजाराचा वार, पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या काड्या वगैरे)

पऱ्हाटी | २५ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली-दुसरी एकाच खोलीत बसतात, मिळून एकोणीस पोरं. परिपाठ झाला की वार आणि महिने म्हणायचे, ही पद्धत माझ्या आधीच्या बाईंपासून चालत आलेली. पोरं जानेवारीला सुटतात ती डिसेंबरला धापा टाकत थांबतात. मलाही वाटायचं, येतं यांना.

गेल्या मंगळवारी फळ्यावर वार लिहायचा राहिला. सहज विचारलं, आज कोणता वार? सोमवार आला, शुक्रवार आला, एकानं रविवार म्हटलं आणि सगळे त्याच्यावर हसले, पण बरोबर उत्तर कोणाकडेच नव्हतं. शेवटी मागच्या पट्टीवरची एक पोरगी, जिला महिने कधीच शेवटपर्यंत म्हणता येत नाहीत, ती म्हणाली, "आज बाजाराच्या आदला दिवस हाय ना जी. उद्या माही माय भाजे आणन."

आमचा बाजार बुधवारी भरतो. म्हणजे वार तिलाच माहीत होता. फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. बाकी अठरा जणांकडे नावं सगळी होती, वार एकही नव्हता.

मग शुक्रवारी पोळा झाला. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी करताना त्यांच्या कानात म्हणतात ना, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या"? आज सोमवारी शाळा भरल्यावर विचारलं, बैलाला आवतन कधी दिलं? पोरं बोटं मोडत मागे मागे गेली. रविवार, तान्ह्या पोळ्याचा शनिवार, पोळ्याचा शुक्रवार, आवतनाचा गुरुवार. वार उलटे म्हणायला मी कधी शिकवलंच नव्हतं!

तर माझा प्रश्न असा. हाताला लागेल असं काय काय करता तुम्ही? वर्गात छापील तक्ता आहे, त्याच्याकडे कोणी बघत नाही. घरोघरी कालनिर्णय असतं, पण त्यातल्या चौकटीत तिथी, नक्षत्र, मुहूर्त, शिवाय आईनं लिहिलेला दुधाचा हिशोब. सहा वर्षांच्या पोरानं तारीख शोधायची कुठे? आणि "परवा"चं काय करायचं तेही सांगा. मागचाही परवा, पुढचाही परवा. मीच गोंधळते.

तर्री_पोहे | २५ ऑगस्ट २०२५

मोबाईलवर तारीख, वार, वेळ सगळं दिसते. ज्या गोष्टीची गरजच उरली नाही ते शिकवून काय करता मॅडम 😄

अंगणवाडी_ताई | २५ ऑगस्ट २०२५

माझ्याकडे तीन ते सहा वर्षांची लेकरं, भंडारा जिल्हा. आमच्याकडे तारीख नसतेच. "आधी" आणि "नंतर" एवढंच पक्कं करतो, आणि त्यालाच वर्ष जातं. खिचडी शिजते तेव्हा लेकरांना समोर बसवायचं. तांदूळ निवडायच्या आधी काय केलं? धुतल्यानंतर काय? कोणी म्हणतं आधी जेवलो मग शिजवलं, तर त्यालाच विचारायचं, कच्चे खाल्ले का रे?

काल-आज-उद्यासाठी तीन वाट्या ठेवते. अंगणवाडीच्या कुंपणाला जास्वंद आहे. रोज एक फूल तोडून आजच्या वाटीत. दुसऱ्या दिवशी ते कालच्या वाटीत जातं. तोवर ते मिटून मऊ झालेलं असतं. हात लावला की "काल" कसा असतो ते कळतं. उद्याची वाटी रिकामी. हे बरेच महिने चाललं. मग एक दिवस पाहते तर उद्याच्या वाटीत कळी. कोणी टाकली ते कोणी सांगेना, वाटलं मी रागावेन. त्या दिवशी मी घरी जाऊन तीनदा तेच सांगितलं, शेवटी नवरा म्हणाला, झालं, कळलं.

परवाचं म्हणाल तर मी शब्दाच्या आधी हात शिकवते. गेलेला परवा म्हणताना हात खांद्यावरून मागे, येणारा परवा म्हणताना हात पुढे. मोठी माणसं बोलताना "परवा गेलतो" आणि "परवा जाईन" असं क्रियापदावरून ओळखतात. लेकरू क्रियापदापर्यंत थांबत नाही.

सेवानिवृत्त_गुरुजी | २६ ऑगस्ट २०२५

पऱ्हाटीताई, तुमचं नाव वाचूनच लिहायला बसलो. मी वर्धा जिल्ह्यात चौतीस वर्षं प्राथमिकला होतो आणि कॅलेंडर पऱ्हाटीच्या काड्यांवरच शिकवलं.

तर्री पोहेभाऊ, मोबाईल आजची तारीख सांगते. सोयाबीन किती दिवसांचं झालं हे सांगत नाही. ते मोजावं लागते.

आता कृती सांगतो. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर ढीग लागतात. त्यातल्या बोटाएवढ्या जाड काड्या वीतभर कापून घ्यायच्या, टोकं घासायची, नाहीतर हातात शिलका जातात. रोज सकाळी एक काडी डब्यात. सोमवारी दोन, कारण रविवारची राहिलेली असते. (ही रविवारची काडी टाकण्यावरून दरवेळी भांडण होते. माझ्याकडे त्याची पाळी ठरलेली होती, तरी होत असे.) सात झाल्या की सुतळीनं जुडी बांधायची. महिना संपला की सगळं जमिनीवर मांडायचं.

इथे खरी गंमत आहे. कोणताही महिना घ्या, चार जुड्या होतातच. वर सुट्या काड्या राहतात दोन किंवा तीन. लीप वर्ष नसेल तर फेब्रुवारीत एकही नाही. यंदाच्या फेब्रुवारीत चार जुड्या बांधल्या आणि डबा रिकामा! आता त्या सुट्या काड्यांचं काम काय? पुढच्या महिन्याची पहिली तारीख तितके वार पुढे सरकते. या ऑगस्टची १ तारीख शुक्रवारी होती. ऑगस्टच्या सुट्या काड्या तीन. शनिवार, रविवार, सोमवार. १ सप्टेंबर सोमवारी येते की नाही पाहून घ्या. आणि फेब्रुवारीला सुटी काडी नाही, म्हणून १ फेब्रुवारी शनिवारी तर १ मार्चही शनिवारीच. दुसरीचं पोरगं हे जमिनीवर बसून काढते. बी.एड. झालेल्या माणसाला हे सांगितलं तर तो कॅलेंडर उघडून खात्री करतो.

तीस की एकतीस हे मुठीच्या हाडांवर मोजायचं, ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. जुलै शेवटच्या हाडावर येतो, ऑगस्ट दुसऱ्या मुठीच्या पहिल्या हाडावर, म्हणून दोघेही एकतीसचे.

वर्ध्याला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली, नई तालीमचा विचार तिथे मांडला गेला. हाताला काम आणि त्या कामातून गणित. आम्ही त्याच मातीतले, म्हणून तक्त्यापेक्षा काडीवर भरवसा जास्त.

एक अवांतर सांगतो. वाढदिवसाचा तक्ता करणार असाल तर आजी-आजोबांचे वाढदिवस त्यात घेऊ नका. अर्धं गाव १ जूनला नाहीतर १ जुलैला जन्मलेलं निघेल. आमच्याच आधीच्या गुरुजींचं काम ते. जन्मनोंद नसली की वय बसवायला दाखल्यावर तीच तारीख टाकत.

वहीतली_आई | २६ ऑगस्ट २०२५

गुरुजी, माझ्या सासऱ्यांचा, त्यांच्या दोन्ही भावांचा आणि शेजारच्या काकांचा वाढदिवस १ जुलै. आता कळलं 🙂

मी शिक्षिका नाही. आर्वीकडच्या गावात राहते, मुलगा दुसरीत. त्याचा प्रश्न इथे टाकते, मला उत्तर देता आलं नाही. "माझा वाढदिवस दरवर्षी त्याच तारखेला येते, तर पोळ्याचा का नाही?" मी म्हटलं पोळा तिथीवर असतो. तो म्हणाला, मग तिथीला तारीख कळत नाही का?

झाडीपट्टीकर | २७ ऑगस्ट २०२५

गडचिरोलीकडून. माझं थोडं वेगळं मत आहे. जानेवारी-फेब्रुवारी पहिलीत हवेतच कशाला? आमच्या पोरांचं वर्ष धानावर चालते. परे टाकले, रोवणी झाली, निंदा काढला, कापणी, चुरणा. मग मोह वेचायला पहाटे टोपली घेऊन जायचं, मग उन्हाळ्यात तेंदूपत्ता. रोवणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असते, ते हजेरीपटावर न बघताही सांगता येते.

मी अंगणात मोठं रिंगण आखतो, बारा घरांचं. प्रत्येक घरात त्या दिवसांतली वस्तू. पळसाचं फूल वाळवून ठेवलेलं, मोहाची वाळलेली फुलं, तेंदूचं पान, धानाची लोंबी, सीताफळाच्या बिया, बोराच्या आठोळ्या. पोरगं ज्या दिवसांत जन्मलं त्या घरात जाऊन उभं राहते. मोहाच्या घरात नेहमी गर्दी होते, कारण वास येतो.

तक्ता सरळ पट्टीसारखा असला की डिसेंबरनंतर भिंत संपते. मला एका पोरानं विचारलं होतं, डिसेंबर झाल्यावर काय होते सर? त्याला वाटे तिथं सगळं सरते. रिंगणात तो प्रश्नच येत नाही, फिरून पुन्हा मोहाशी.

फक्त रिंगण कुठून सुरू करायचं यावर आमच्या केंद्राच्या बैठकीत तासभर वाद झाला. एक म्हणे चैत्र, एक म्हणे जानेवारी. पोरांना विचारलं तर म्हणाली शाळा उघडते तिथून. आता तेही आपल्याकडे उन्हामुळे वेगळं. यंदा बाकी महाराष्ट्रात १६ जूनला शाळा उघडल्या, आपल्या विदर्भात २३ जूनला. म्हणजे आमच्या पोरांचं नवीन वर्ष पुण्याच्या पोरांपेक्षा आठवडाभर उशिरा सुरू होते.

पंचांगवेडा | २७ ऑगस्ट २०२५

वहीतली आई, तुमच्या मुलाला सांगा की तिथी चंद्र मोजते आणि तारीख सूर्य मोजते. दोघांचं वर्ष सारखं नाही. चंद्राचे बारा महिने साधारण ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष ३६५ चं. फरक अकरा दिवसांचा. म्हणून पोळा दरवर्षी तितका अलीकडे सरकतो. २०२३ ला १४ सप्टेंबर, २०२४ ला २ सप्टेंबर, यंदा २२ ऑगस्ट. असंच चालू राहिलं तर काही वर्षांत पोळा ऐन पेरणीत येईल आणि बैलाला बसवून पुरणपोळी खाऊ घालायला कोणाला फुरसत नसेल. म्हणून सुमारे अडीच-पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना घालून गाडी पुन्हा रुळावर आणतात. २०२३ ला अधिक श्रावण होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे पुढच्या वर्षी पोळा परत सप्टेंबरात जाईल.

वर्गात मुस्लिम मुलं असतील तर हे आणखी छान समजावता येतं. त्यांचंही वर्ष चंद्राचं, पण अधिक महिना नाही. रमजान ईद २०२३ ला २२ एप्रिल, २०२४ ला ११ एप्रिल, २०२५ ला ३१ मार्च. ती अशीच सरकत थंडीत जाईल, मग पावसाळ्यात. साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते.

आणि आपला शेतकरी दोन्ही घड्याळं वापरतो. सण तिथीवर, पेरणी नक्षत्रावर. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, कारण तो सूर्याचा. पावसाच्या नक्षत्रांची वाहनं मुलांना फार आवडतात. यंदा मृगाला कोल्हा की बेडूक की म्हैस, यावर पैजा लावतात. पाऊस त्यावर ठरतो असं मात्र सांगू नका, लागलीच तपासतील.

निळाई | २८ ऑगस्ट २०२५

चर्चा छान चालली आहे. फक्त एक गोष्ट बोलते. पोळा, गणपती, दिवाळी एवढ्यावरच खुंट्या मारल्या तर वर्गातली काही मुलं दोरीच्या बाहेर राहतात. माझ्या वर्गात निम्मी मुलं बौद्ध घरांतली आहेत आणि आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात.

उलट आमच्याकडे कॅलेंडरचा सगळ्यात चांगला धडा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा आहे. बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली १४ ऑक्टोबर १९५६ ला. त्या दिवशी विजयादशमी होती. आता दीक्षाभूमीवर गर्दी कधी होते? दसऱ्याला. मग १४ ऑक्टोबर कुठे गेला? आणि चंद्रपूरला सोहळा होतो १५ आणि १६ ऑक्टोबरला, तारखेनं, कारण इथली दीक्षा १६ ऑक्टोबरची. एकाच आठवड्यात झालेल्या दोन गोष्टी, एक तिथीनं पाळतो, एक तारखेनं. यंदा दसरा २ ऑक्टोबरला आहे, म्हणजे दोन्हींमध्ये तेरा-चौदा दिवसांचं अंतर पडेल. चौथीच्या मुलांना मी दोन रंगांच्या दोऱ्यांनी हे दाखवते. पहिलीला एवढंच पुरे की आजोबा नागपूरला जातात तो दिवस आणि चंद्रपूरला जातो तो दिवस, मध्ये किती काड्या.

मेळघाट_वाटसरू | २९ ऑगस्ट २०२५

मध्येच घुसतो. आमच्याकडे पोरं घरी कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. हिंदीतला "कल" मागेही आणि पुढेही. ताईंची वाट्यांची कल्पना उचलतो, भाषेची भानगडच नको.

शिवाय आमच्यातले निम्मे पाहुणे मध्य प्रदेशातल्या बैतूलकडचे. तिकडे महिना पौर्णिमेला संपते, आपल्याकडे अमावास्येला. पोळा एकाच दिवशी, पण आपण म्हणतो श्रावणी अमावास्या, ते म्हणतात भादोंची. एका पोरीनं दोन्ही घरची कॅलेंडरं शाळेत आणली आणि मला विचारलं, कोणाचं खोटं आहे?

पंचांगवेडा | २९ ऑगस्ट २०२५

कोणाचंच नाही. शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो, फक्त वद्य पक्षात त्यांचं नाव एक महिना पुढे जातं. तिला शाबासकी द्या माझ्याकडून.

तर्री_पोहे | २९ ऑगस्ट २०२५

मी गंमतीत म्हणलो होतो राजेहो. मध्यंतरी पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळी द्यायचे ना, तेव्हा माह्या पुतण्याले त्याचा वार बरोब्बर पाठ होता. बाकीचे सहा वार त्याच्या हिशेबात नव्हतेच.

पऱ्हाटी | १४ सप्टेंबर २०२५

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण करून बघत होते.

काड्या सुरू केल्या. गुरुजी, शिलका गेल्याच, तिघांना. आता पॉलिश पेपर आणलाय. एका आईनं जुन्या लुगड्याचे कप्पे शिवून दिले, एकतीस, सात-सातच्या ओळीत. काडी डब्यात न टाकता त्या त्या दिवसाच्या कप्प्यात जाते. बुधवारच्या उभ्या रांगेवर त्या मागच्या पट्टीवरच्या पोरीनं स्वतः भाज्यांची टोपली काढून चिकटवली. ती टोपली कमी आणि कोंबडीच जास्त दिसते, पण बुधवार आता कोणी चुकत नाही. तिथून मागे एक मंगळवार, पुढे एक गुरुवार. सोमवारपासून म्हणत यावं लागत नाही.

७ तारखेला भाद्रपद पौर्णिमा, म्हणजे आमच्याकडे भुलाबाई बसली. कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी रोज संध्याकाळी गाणी म्हणतात, खाऊ ओळखतात. मी ठरवलं, पौर्णिमा ते पौर्णिमा वेगळ्या काड्या टाकायच्या. चंद्राचा महिना किती काड्यांचा ते बघू.

आणि नेमकं त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण! दहाच्या सुमारास चंद्र कडेनं कुरतडायला लागला. बरीचशी पोरं तोवर झोपली होती, पण एकाला त्याच्या आबानं उठवून दाखवलं. सोमवारी तो वर्गात सांगतो, "मॅडम, रातच्यानं अमोशा होऊन गेली." माझी सगळी योजना पहिल्याच दिवशी बोंबलली. मग भाकरी कामाला आली. सोमवारी डब्यातली अख्खी भाकर दाखवली, ही काल. आता रोज थोडी थोडी कमी होत जाईल, एका रात्रीत कोणी खाल्ली तर ते ग्रहण. रोज एक पोरगं आपल्या भाकरीला त्या रात्रीच्या चंद्राएवढा चावा घेतं. चावा मोठा झाला की बाकीचे ओरडतात, "अजून चतुर्थी हाय बे, अष्टमी केली तू!"

अडचण ही की वद्यात चंद्र उशिरा उगवतो, पोरं झोपतात. "चांद हारपला" असं चालू झालं. काल शनिवारची सकाळची शाळा होती. मैदानात रांगा लावल्या तेव्हा डोक्यावर, थोडा पश्चिमेला, फिकट अर्ध्याहून जरासा मोठा चंद्र होता. ढग मध्येच फाटले म्हणून दिसला. प्रार्थना मोडली. कोणाला रागावले नाही, मीपण बघत होते.

निळाई | १४ सप्टेंबर २०२५

भाकरीचा फोटो टाका ना!

पऱ्हाटी | १४ सप्टेंबर २०२५

नको ग. फोटो काढायला घेतला की पोरं भाकर धरून पुतळ्यासारखी उभी राहतात. उपक्रमाचे फोटो ग्रुपवर टाकायचा हुकूम आला की अर्धा तास त्यातच जातो, आणि चंद्र चतुर्थीचाच राहतो.

वहीतली_आई | १५ सप्टेंबर २०२५

भुलाबाईत मुलगेही बसतात का तुमच्याकडे? माझा मुलगा खाऊ ओळखायला बसतो आणि गाणं सुरू झालं की पळतो.

पऱ्हाटी | १६ सप्टेंबर २०२५

वर्गात सगळे बसतात. गावात खाऊपुरते.

पऱ्हाटी | ७ ऑक्टोबर २०२५

काल कोजागिरी झाली, भुलाबाई उठली. आज जमिनीवर काड्या मांडल्या. चार जुड्या आणि एक काडी. एकोणतीस.

शेजारी सप्टेंबरच्या मांडल्या. चार जुड्या आणि दोन. मी काहीच बोलले नाही. दुसरीतला एक जण बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "चांदाचा महिना छोटा हाय, म्हणून पोळा पहिले येते." पंचांगवेडा, तुमचे अकरा दिवस मी अजून वर्गात सांगितलेच नव्हते. पुढचे महिने मोजले तर कधी एकोणतीस, कधी तीस निघतील हे मला तुमच्यामुळे माहीत आहे, पण त्यांचं त्यांना निघू दे.

सगळं छान चाललंय असं समजू नका. पहिलीतल्या चौघांना तारखेचा आकडा आणि काड्यांची संख्या यांचा संबंध अजून लागत नाही. सात तारीख म्हणजे सात काड्या, हे दाखवलं की हो म्हणतात, कप्पा विचारला की कुठेही बोट. एकाचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातील, तोही जाईल. त्याचे कप्पे कसे ठेवायचे हा प्रश्न मला पडलाय. रिकामे ठेवावेत की नाही?

सेवानिवृत्त_गुरुजी | ७ ऑक्टोबर २०२५

त्याच्याजवळ काड्या द्या. तिकडे टाकत राहील. परत आला की मोजू. नाही टाकल्या तरी हरकत नाही. चौघांची घाई करू नका, त्यांना बारा महिने मिळतात, आपल्यालाच परीक्षा दिसत असते.

अंगणवाडी_ताई | ८ ऑक्टोबर २०२५

हे दिवाळीच्या सुट्टीलाही करता येईल की. सगळ्यांनाच द्या.

पऱ्हाटी | ७ नोव्हेंबर २०२५

ताई, तुमचं ऐकलं. सुट्टी लागायच्या दिवशी प्रत्येकाला चौदा काड्यांची जुडी दिली. रोज सकाळी एक काडी चुलीत टाकायची, जुडी संपली की शाळा.

शाळा उघडल्यावर हिशोब घेतला. आठ जणांचं बरोबर. एकाच्या आईनं पहिल्याच दिवशी सगळी जुडी चहाला लावली, त्याची सुट्टी एका कपात संपली. एक भाऊबीजेला मामाच्या गावी गेला, काड्या घरी राहिल्या, तो परत येऊन राहिलेल्या सगळ्या एकदम टाकून मोकळा झाला, आणि हे त्यानं स्वतःच बरोबर मोजून सांगितलं. दोघांच्या बकरीनं नेल्या असं ते म्हणतात. बकरी पऱ्हाटीची सुकलेली काडी खाते का ते मला माहीत नाही. भट्टीवर गेलेल्या पोराची जुडी त्याच्यासोबत गेली आहे, सोबत आणखी दहा जुड्या बांधून दिल्या.

आणि बाजाराच्या पोरीनं जुडी जशीच्या तशी परत आणली. सुतळीची गाठसुद्धा माझीच. मी विचारलं, का ग, विसरलीस? तर म्हणे, "टाकल्या असत्या तर सुट्टी सरली असती ना जी."

अंगणवाडी_ताई | ७ नोव्हेंबर २०२५

😂😂 मग शाळेत कशी आली?

पऱ्हाटी | ७ नोव्हेंबर २०२५

आईनं हाताला धरून आणली. जुडी परत मागितली तर दिली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीला लागन म्हणे, दप्तरात ठेवलीय.